थोरल्या भावाची संमती

॥ श्री ॥

चिखली,
४ सप्टेंबर २०२५

चि. जयमाला हिला दादाचे अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला.

गेल्या रविवारी प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांची बैठक होती आणि तू आली नाहीस. विश्वस्त म्हणजे तू आणि मी. तू नाहीस म्हणून मी एकट्यानेच अध्यक्षपद घेतलं, मागच्या सभेचा वृत्तान्त स्वतःला वाचून दाखवला आणि तो एकमताने मंजूर केला. तुझी वहिनी दारातून बघत होती. गणपतीच्या दिवसांत असं एकट्याने बोलू नये, लोक वेगळंच समजतात, एवढं म्हणून ती आत गेली.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण विषय भांडणाचा आहे आणि आबांचा नियम तुला ठाऊक आहे. बहीणभावांनी भांडायचं ते कागदावर, कारण कागदावर आधी नमस्कार-आशीर्वाद लिहावे लागतात.

तर मुद्दा असा. आबांच्या नावाचं हे प्रतिष्ठान वह्या वाटत आलं, कुटुंबप्रबोधनाची व्याख्यानं घेत आलं, मुलींची संस्कार शिबिरं भरवत आलं, आपल्या विचारांच्या पाक्षिकाला हात देत आलं. आता चाकणच्या बबनरावांनी ‘पालकसंमती अभियान’ उभं केलंय. त्यांचा ट्रकांचा धंदा आहे, माणूस धडाडीचा आहे. मागणी एकच, आईबापांच्या सहीशिवाय लग्नाची नोंद होऊ नये असा कायदा व्हावा. महापालिकेच्या निवडणुका येऊ घातल्यात, तेव्हा प्रत्येक उमेदवाराकडून तसं लेखी वचन घ्यायचं. अभियानाचं कार्यालय, पत्रकं, सभा, हा सगळा भार आपण उचलावा असा ठराव मी केलाय. प्रतिष्ठानाच्या घटनेत दोन्ही विश्वस्तांच्या सह्या सक्तीच्या आहेत, त्यामुळे तुझी सही हवी. ठराव, पत्रक आणि बबनरावांनी केलेला संमतीच्या अर्जाचा नमुना सोबत जोडलाय.

वाचून हसशील, म्हणून आधीच सांगतो. आपण जिथे कांदा काढायचो तिथे आता शेड आहेत आणि शेडच्या मागे साठ खोल्या. कुठल्या खोलीत कोण, कुठल्या जिल्ह्याचं, मला मालक असून सांगता येत नाही. आपल्या शेतात तीस वर्षं राबलेली कस्तुरा तुला आठवते. तिची पोरगी शिफ्टला म्हणून गेली आणि तिसऱ्या दिवशी फोनवर लग्नाचे हार घातलेला फोटो आला. पोरगी सुखात आहे म्हणतात. असेलही. पण आईला हे फोटोवरून कळावं का? कस्तुरा अजून गल्लीत मान वर करून चालत नाही. मला हे बघवत नाही, जया.

आणि एक. परवा तुला फोन केला तर कुण्या पुरुषाने उचलला आणि ताई गच्चीवर गेल्यात म्हणून सांगितलं. कोण तो?

सही करून कागद लवकर पाठव. माया आहेच, ती पोस्टात हरवणार नाही.

तुझा,
दादा


संत तुकारामनगर, पिंपरी,
११ सप्टेंबर २०२५

ती. दादास जयाचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे तो मनातल्या मनात घातलाय, तरी पोचला असं समज.

बैठकीला आले नाही त्याबद्दल माफी. पण तू वृत्तान्त एकमताने मंजूर केलास हे ऐकून बरं वाटलं. मी आले असते तर ते जमलं नसतं.

तुझं पत्रक लाल शाईने तपासून परत पाठवतेय. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, हात राहत नाही. एकंदर अकरा चुका आहेत. ‘संस्कृती’ हा शब्द तीन वेळा आलाय आणि तिन्ही वेळा चुकलाय. ज्यांना ती वाचवायची आहे त्यांनी निदान लिहायला तरी शिकावी, असं बबनरावांना माझ्या नावाने सांग. आणि हो, मागच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर माझ्या नावामागे ‘गं. भा.’ छापलं होतं. गंगा काय नि भागीरथी काय, नदी एकच. दोनदा कशाला लिहायची? नुसतं जयमाला चालेल.

कस्तुराचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. ती माझ्याकडेही येऊन बसली होती, दुपारभर. पण मला सांग, सहीची सक्ती असती तर त्या पोरीने आईला आधी सांगितलं असतं का? मला वाटतं, मग तिने फोटोही पाठवला नसता. आईशी बोलायची भीती कायद्याने कशी जाईल, हे मला या पत्रकात सापडलं नाही. म्हणून ठरावावर सही केलेली नाही. रागावू नकोस. रागावलास तर लिहून रागाव.

एक शंकाही आहे. अर्जाच्या नमुन्यात मुलीच्या वयाचा रकाना आहे, पण कुठल्या वयापर्यंत ही संमती लागेल ते लिहिलेलं नाही. अठरा? पंचवीस? चाळीस? बबनरावांना विचारून कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता तुझा फोन उचलणारा पुरुष. त्यांचं नाव दत्तोबा. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. मूळचे परळीकडचे, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेत. बायको जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. सगळ्या सोसायटीचे मिक्सर, पंखे, नळ तेच दुरुस्त करतात. त्या दिवशी माझा मिक्सर उघडून बसले होते आणि मी टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेले होते. तू फोनवर इतका जोरात बोललास की त्यांना वाटलं कंपनीचा भोंगा झाला.

वहिनींची घरघंटी खडखड करते म्हणत होत्या. दत्तोबांना पाठवू का? पीठ चांगलं पडलं की तुझा रागही जरा बारीक दळला जाईल.

तुझ्या मायेची सवय झालीय, ती मोडू नकोस.

तुझी,
जया


चिखली,
२२ सप्टेंबर २०२५

चि. जयमाला हिला आशीर्वाद, लाल शाईसकट.

तुझ्या चुका, म्हणजे आमच्या चुका, दुरुस्त करून पत्रक पुन्हा छापलं. बबनराव जरा घुश्शात होते. मी सांगितलं, आमची बहीण आहे, तिच्या हाताखालून निम्मी चिखली शिकून गेलीय, तिच्यापुढे तुम्ही-आम्ही चौथीतच.

तुझे दत्तोबा येऊन गेले. माणूस मला आवडला, खोटं कशाला सांगू. पिशवीतून स्वतःची हत्यारं काढली, खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं, घरघंटी उघडली, पुसली, कुठलासा पट्टा बदलला आणि अर्ध्या तासात यंत्र गप्प. पैसे घेईनात. मग तुझ्या वहिनीने पिठलं-भाकरीला बसवलं, तर दोनदा वाढून घेतलं, तेही लाजत-लाजत. जेवल्यावर आम्ही ओट्यावर चार वाजेपर्यंत बोलत होतो. छत्तीस वर्षांत एकदाही उशिरा हजेरी लागली नाही म्हणाले. निघताना आबांच्या फोटोला हात जोडले. अशी माणसं आता राहिली नाहीत. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, हा माणूस आपल्या अभियानात पाहिजे.

तुझ्या शंकेचं उत्तर. बबनरावांना विचारलं, पण ते देण्याआधी मीच दिलं. वयाचा काही संबंध नाही. लेक साठीची झाली तरी लेकच असते. घरातल्या मोठ्यांना विचारून पाऊल टाकणं यात लाज कसली? आणि वडील हयात नसतील तर काय, असंही तू पुढे विचारशील म्हणून सांगतो. तेही कलम आहे. वडील नसल्यास थोरल्या भावाची संमती. हे कलम मी स्वतः घालायला लावलं. बबनरावांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

आता शंका फिटली असेल तर ठरावावर सही कर. दसऱ्याच्या आत कार्यालय उघडायचंय.

गुडघ्याला तेल लाव. आणि दत्तोबांना पुन्हा पाठव, विहिरीवरचा पंप कुरकुरतोय.

आठवण तुझी रोज निघते, बरी की वाईट ते विचारू नकोस.

तुझा,
दादा


संत तुकारामनगर,
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

ती. दादास जयाचा नमस्कार. आज सोनं द्यायला आले नाही, त्याऐवजी हे पत्र. सावकाश वाच, बसून वाच, आणि वाचताना वहिनींना जवळ बसव.

तुझ्या अभियानाच्या नमुन्यातला अर्ज भरून सोबत जोडलाय. चिंचवडचं ठाऊक नाही, पण पिंपरीतून आलेला हा पहिलाच असावा. अर्जदार मुलीचं नाव जयमाला. वय सहासष्ट. शिक्षण डी. एड. नियोजित वराचं नाव दत्तोबा, वय अडुसष्ट, स्वतःचं घर आहे, व्यसन नाही, हजेरी कधी उशिरा नाही. वडील हयात नाहीत. सबब थोरल्या भावाची संमती. त्याखालची जागा मोकळी सोडलीय.

दादा, एवढं चेष्टेत लिहिलं कारण सरळ लिहायला धीर होत नव्हता. आता सरळ लिहिते.

मोनिकाचे बाबा गेल्याला अकरा वर्षं झाली. मी काही रडत बसलेली नाही, ते तू बघतोसच. निवृत्तिवेतन आहे, शेजार आहे, बायकांची भिशी आहे. पण सकाळच्या पेपरात काही गमतीचं वाचलं की संध्याकाळपर्यंत त्यात गंमत काय होती ते मी विसरून जाते. सांगायलाच कुणी नसतं. दत्तोबांना सांगितलं की ते लगेच हसत नाहीत. आधी विचार करतात आणि मग मी आत भांडी घासत असताना बाहेरून त्यांचं हसू ऐकू येतं. मला त्या उशिरा येणाऱ्या हसण्याची वाट बघायची सवय लागलीय. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

त्यांनी विचारलं तेही मिक्सरचा स्क्रू आवळताना, मान वर न करता. मी पंधरा दिवस मागितले आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाले. नाशिकला मोनिकाला कळवलं. ती आधी हसली, मग रडली, मग कुठली साडी नेसू म्हणाली.

नोंदणी कार्यालयात सोमवारी नोटीस दिलीय. ती तीस दिवस तिथल्या फलकावर राहील. कुणाला हरकत असेल तर त्याने या मुदतीत घ्यावी, असा नियम आहे. नियम तुला आवडतात, म्हणून कळवलं.

एक स्पष्ट करते. प्रतिष्ठानाच्या ठरावावर मी सही करावी आणि माझ्या अर्जावर तू, असा हा सौदा नाही. तू हो म्हणालास तरी ठरावावर मी सही करणार नाही. आणि तू नाही म्हणालास तरी लग्न होईल. पण तू नसलास तर ते लग्न मला अर्ध्यावर उठून आल्यासारखं वाटेल.

रागाव, पण लिही.

तुझी धाकटी,
जया


चिखली,
९ ऑक्टोबर २०२५

जयमाला,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही आणि धाकट्या बहिणीला नमस्कार लिहायची रीत नाही. म्हणून तसंच सुरू करतो.

पत्र मिळालं. अर्जही मिळाला. सभांमधून मी माईकवर काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. पुढच्या सभेत कुणी उठून तुझ्याबद्दल विचारलं तर मी काय सांगू, एवढं तू लिहायला विसरलीस. ते आपल्यातले नाहीत, हे तू अर्जात लिहिलं नाहीस. तो रकाना नमुन्यात होता.

सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. तो माणूस माझ्या ओट्यावर चार वाजेपर्यंत बसला. माझ्या घरी जेवला. तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं.

यंदाच्या भाऊबिजेला मी गावात नसेन. येण्याची तसदी घेऊ नकोस.

दादासाहेब


चिखली,
२७ ऑक्टोबर २०२५

वन्सं, तुमास्नी यशोदेचा नमस्कार.

सूनबाई दिव्या म्हनत व्हती मी लिहिते, मोबाईलवर धाडते. म्या म्हनलं न्हाई. ननंदेला माझ्याच हातचं जाऊ दे. शाळा चौथीपत्तूर, तवा चुका काढायच्या तर काढा, पर लाल शाईनं न्हाई, लई जीव धडधडतो.

पयलं सांगायचं म्हंजी ह्यांनी तुमास्नी खोटं लिवलं. भाऊबिजेला हे कुटंबी गेलं न्हवतं. सकाळी न्हाऊन, धुतलेलं धोतार, टोपी घालून वट्यावर बसलं ते दोनपत्तूर. रिक्षा वाजली की मान वर. म्या इचारलं कुनाची वाट बगताय, तर म्हनले पेपरवाल्याची. दुपारी पेपरवाला कुठला यायला! जेवले बी न्हाईत धड.

आता खरी गोष्ट. काल बबनराव आलं. संगं एक वकील बी आनला. तुमच्या लग्नाची नोटीस त्यास्नी कुठनं तरी कळली व्हती. म्या चहा घिऊन गेले तवा त्यांचं चाललं व्हतं, की दादासाहेब तुमी हरकत घ्या, वकील समदं बघंल. ह्यांनी इचारलं, कशापायी. तर बबनराव म्हनले, सोप्पं हाय. बाईनं वीस सालामागं जमिनीतला आपला हिस्सा तुमास्नी सोडलाय, हक्कसोड करून दिलीय. उद्या नवरा आला की तो तिला कोर्टात नेईल आन हक्कसोड मोडायला लावंल. तवा आधी लगीन रोका. आन त्या ट्रस्टमधनं तिला काढा, म्हंजी आपल्या ठरावाला बी सही लागनार न्हाई.

हे म्हनले, बबनराव, आपलं अभियान तर पोरींच्या भल्यासाठी हाय ना. तवा तो मानूस हासला, वन्सं. म्हनला, दादासाहेब, तुमी लई भोळे. गुंठ्याला आज काय भाव चाललाय! पोरगी मनानं गेली की संगं जमीन जाती, म्हनून तर गावोगावचे बाप आपल्या मागं हायेत. संस्कार बिंस्कार माईकवर बोलायचं असतं.

ह्यांनी आवाज चढवला न्हाई. चहा घ्या म्हनले, निवतोय. दोघांचा चहा होईस्तोवर थांबलं. मंग उठून आतनं ती ठरावाची फायल आनली, बबनरावाच्या समोर फाडली आन हात जोडून म्हनले, या आता. दार बी सवता लावलं.

तवापासनं आबांच्या फोटोखाली बसून हायेत. कागद घेत्यात, दोन वळी लिवत्यात, चुरगाळत्यात. तुमी एक चिट्ठी टाका. पयला नमस्कार तुमी लिवा, धाकट्या हाय तुमी. बाकी म्या बगते.

दत्तोबास्नी सांगा, घरघंटी झ्याक चालती. मला मानूस पयल्या दिसापासनं पसंत. तुमचं नाव निघालं की त्यांची भाकर तोंडापाशी थांबायची. बायकास्नी दिसतं, पुरुषास्नी घरघंटीच दिसली.

तुमची वयनी,
यशोदा


संत तुकारामनगर,
३१ ऑक्टोबर २०२५

ती. दादास जयाचा पहिला नमस्कार. दुसरा आणि तिसराही सोबत आहे, मागची थकबाकी म्हणून.

तुझं एक म्हणणं खरं आहे. दत्तोबांनी तुझ्या ओट्यावर सांगायला हवं होतं. त्यांना सांगायचंच होतं, हत्यारांच्या पिशवीत नवा शर्ट घालून ते त्यासाठीच आले होते. मीच अडवलं. आधी मी दादाला लिहीन म्हटलं. परत आल्यावर तुझं मीठ खाऊन गप्प राहिलो म्हणून दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. तेव्हा दोष माझ्या नावावर लिही.

त्यांच्या जातीचा रकाना मी मुद्दाम मोकळा सोडला. तेवढी एक चूक मी जाणूनबुजून केली, ती तपासू नकोस.

नोटिशीची मुदत संपली. हरकत कुणाचीच आली नाही. सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी अकराची वेळ मिळालीय. तीन साक्षीदार लागतात. एक मोनिका, एक दत्तोबांचा मुलगा. तिसरं नाव अजून दिलेलं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तयार आहेत, फार उत्साही आहेत, ते भाषणही करतील अशी भीती आहे.

त्यांच्या भाषणापासून मला वाचव.

मायेवर हक्क सांगणारी,
जया


चिखली,
९ नोव्हेंबर २०२५

चि. जयमाला हिला आशीर्वाद. मागे एकदा लिहायचे राहिले, तेही यातच मोज.

हे सातवं पत्र. आधीची सहा चुलीत गेली.

तुझा अर्ज समोर ठेवून बसलोय. संमतीच्या जागी सही करायला तीनदा पेन उचललं. आणि तिन्ही वेळा मला तो दिवस आठवला. हक्कसोडीसाठी मी तुला कचेरीत बोलावलं होतं. तू शाळेतून अर्धी रजा टाकून तशीच धावत आलीस. बोटांना खडू लागला होता, अंगठा उमटेना म्हणून कारकुनाने तुला हात धुवायला पाठवलं. कागदावर काय लिहिलंय ते तू वाचलं नाहीस. मोनिकाच्या बाबांना विचारून आलीस का, असं कारकुनाने हटकलं, तर माझं मी देतेय, विचारायचं कुणाला, असं म्हणालीस. आणि मला म्हणालीस, लवकर आटप, चौथीचा गणिताचा तास आहे. आज ज्या शेडांच्या भाड्यावर आबांचं प्रतिष्ठान चालतं ती त्या जागेवरच उभी आहेत. मी तुला विश्वस्त केलं आणि मला वाटलं फिटलं.

ती जमीन देताना तुला कुणाची संमती लागली नाही. मलाही तेव्हा ती मागावीशी वाटली नाही. मग आता पेपरातली गंमत कुणाला सांगायची, यासाठी माझी सही कशी लागेल? जमीन देताना तू शहाणी आणि संमती मागताना अज्ञान, असा हिशेब मी माईकवरसुद्धा जुळवून सांगू शकणार नाही.

म्हणून अर्ज कोरा परत पाठवतोय. संमती देणारा मी कोण. तिसऱ्या साक्षीदाराचं नाव मात्र द्यायचं राहिलंय म्हणतेस, तिथे माझं लिही. आधार कार्ड सोबत आणतो.

लगेच हुरळू नकोस. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी आईबापांना अंधारात ठेवून लग्नं करू नयेत, हे माझं मत होतं आणि आहे. मुलींची शिबिरं बंद होणार नाहीत. पुढच्या बैठकीला तू येशील आणि भांडशील, याची मला खात्री आहे. बबनरावांशी मात्र संबंध संपला. ते आता गावात सांगत फिरतात की म्हातारा बहिणीच्या कह्यात गेला. काल देवळाच्या पायरीवर दोघे-तिघे हसलेही. वाईट वाटलं. पण घरी येऊन जेवलो.

तुझ्या वहिनीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चौदा तारखेला ठरलंय, त्यामुळे तिला येता येणार नाही. फार चरफडतेय. दत्तोबांना सांग, नवा शर्ट घालून या, आणि या वेळी हत्यारांची पिशवी घरी ठेवा.

तुझा,
दादा


संत तुकारामनगर,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. वहिनींना जयमालाचा नमस्कार. डोळ्याला अजून पट्टी असेल, तेव्हा हे दिव्याकडून वाचून घ्या. आणि दादा जवळ असेल तर त्याला जरा ओट्यावर पाठवा, कारण त्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार.

लग्न लागलं. मोनिका साडीत अडखळली, दत्तोबांच्या मुलाने उभ्या उभ्या तीनदा खिशातला आईचा फोटो काढून बघितला आणि मग येऊन माझ्या पाया पडला. हे सगळं दादाने सांगितलं असेल. आमचा नंबर लागायला दीड तास उशीर झाला, हेही. त्या दीड तासात काय झालं ते तो सांगायचा नाही.

आमचा दादा फेटा बांधून आला होता. पांढराशुभ्र, तुऱ्याचा. नोंदणी कार्यालयातल्या त्या बाकांवर सगळी पोरं-पोरी, जोड्या-जोड्यांनी बसलेली. कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, कुणाचे मित्र शिफ्ट संपवून थेट आलेले. वडीलधारं माणूस हॉलभर एकच, आमचा दादा. पोरं त्याच्याकडे बघून कुजबुजायला लागली. कुणाचा तरी बाप शोधत आलाय असं त्यांना वाटलं. दोन जोड्या तर हळूच जिन्याकडे सरकल्या. दादाला ते कळलं. त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

तेवढ्यात एक मुलगी पुढ्यात येऊन उभी राहिली. वय बावीस-तेवीस, हिंगोलीकडची, चाकणला वायरिंगच्या लाइनवर काम करते. त्यांचा तिसरा साक्षीदार आलाच नव्हता, त्याला ओव्हरटाइम लागला. कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं होतं, साक्षीदार नसेल तर आज होणार नाही, पुढची तारीख घ्या. पुन्हा रजा मिळणार नव्हती. तिने हात जोडून विचारलं, आजोबा, तुम्ही सही कराल का? मी दत्तोबांचा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता इथे व्याख्यान होणार.

दादाने आधी मुलाला बोलावलं. कुठे काम करतो, पिणं आहे का, राहायला खोली आहे का, सगळं विचारलं. मग मुलीला विचारलं, घरी सांगितलंस का? तिने नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, आधी घरी फोन लाव, मग मी सही करीन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील मारतील म्हणाली. दादा म्हणाला, फोनवरून कुणाला मारता येत नाही, लाव. माझ्याशी बोलायला लाव.

वहिनी, तिने लावला. वडिलांनी उचलला नाही, आईने उचलला. मुलगी नुसतीच ‘आई, आई’ म्हणत राहिली, तेव्हा दादाने फोन स्वतःच्या हातात घेतला. तुम्हाला त्याचा फोनवरचा आवाज माहीत आहे. अख्खा हॉल ऐकत होता. त्याने त्या बाईंना नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलगी इथे लग्नाला उभी आहे आणि ती घाबरलीय हे सांगितलं. पलीकडून रडणं ऐकू येत होतं. दादा थांबला. घाई केली नाही. मुलाची चौकशी केली ती सगळी सांगितली, अगदी खोलीचं भाडंसुद्धा.

शेवटी त्या माउलीने विचारलं, आमच्या लेकीकडनं तिथं कुणीच न्हाई का हो?

दादा उठून उभा राहिला, फेटा सारखा केला, आणि म्हणाला, हाय की. मी हाय.

मग त्याने सही केली. पेन त्या मुलीचंच होतं, ते परत द्यायलाही विसरला.

डोळ्याला जपा. रविवारी आम्ही दोघं येतोय, वाढून घ्यायला लाजणार नाही. लेकीवर करता तेवढी माया या नणंदेवर करत राहा.

तुमची,
जयमाला